झाकली मूठ : स्मार्टफोनच्या युगातील खासगीपणा



आपल्या उचगावातील आणि आसपासच्या खेड्यांतील जुन्या घरांची रचना आपण कधी लक्षपूर्वक पाहिली आहे काय? रस्त्यालगत कट्टा, त्याच्या आत ओसरी, मग माजघर आणि सर्वांत आत स्वयंपाकघर व देवघर, अशी ती साधारणपणे असते. वाटसरू कट्ट्यावर टेकतो, गावकरी ओसरीवर बसून पानसुपारी खातो, सोयराधायरा माजघरापर्यंत येतो. परंतु धान्याच्या कणगीपर्यंत घरच्या माणसांखेरीज कोणी जात नाही. ही मर्यादा कोणी भिंतीवर लिहून ठेवलेली नसते. तरीही ती सर्वांना ठाऊक असते आणि सर्व जण ती पाळतात.

या रचनेतच खासगीपणाचा खरा अर्थ दडलेला आहे. खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. ज्याने काही वाईट केले नाही त्याने कशाला लपवावे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्यास उत्तर असे की, माजघराला दार असते ते आत चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. कोणी कोठवर यावे, हे ठरविण्याचा अधिकार घरधन्याचा आहे म्हणून. आपल्याविषयीची कोणती माहिती कोणास, किती आणि कशासाठी द्यावी, हे स्वतः ठरविण्याची सत्ता म्हणजे खासगीपणा होय. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगीच रूढ केली नाही.

आज प्रत्येक घराला एक नवे दार फुटले आहे. ते भिंतीत नसून आपल्या खिशात आहे. या दाराची कडी कशी लावावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एका हक्काची कथा

आपल्या राज्यघटनेत 'खासगीपणाचा हक्क' असे शब्द कोठेही आढळत नाहीत. मग तो हक्क आपणांस मिळाला कसा? ही कथा प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावी.

उत्तर प्रदेशातील खडक सिंग नावाच्या मनुष्यावर १९४१ साली दरोड्याचा आळ आला होता. पुराव्याअभावी तो सुटला; परंतु पोलिसांनी त्याचे नाव आपल्या वहीत नोंदून ठेवले. मग अपरात्री शिपायांनी त्याच्या दारावर थाप मारावी, झोपेतून उठवून तो घरी असल्याची खात्री करून घ्यावी, असा प्रकार वर्षानुवर्षे चालू राहिला. त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९६२ मध्ये निकाल लागला. रात्रीच्या या भेटी न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. परंतु खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही, असेच बहुमताने सांगितले. तत्पूर्वी १९५४ सालीही झडतीच्या एका खटल्यात आठ न्यायाधीशांनी अशाच आशयाचे मत दिले होते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र १९६२ च्या निकालात आपले वेगळे मत नोंदवून, खासगीपणावाचून स्वातंत्र्याला अर्थ नाही, असे प्रतिपादन केले. ते मत त्या वेळी अल्पमतात राहिले.

पुढे अर्धशतक लोटले. २०१२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी, वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, आधार योजनेच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. दिनांक २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्या पीठाने एकमुखाने निकाल दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क असून घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच तो भाग आहे.

या पीठावर मराठी न्यायमूर्तीही होते, ही गोष्ट आपणांस अभिमानास्पद वाटावी. नागपूरचे शरद बोबडे यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले, आणि धनंजय चंद्रचूड यांनी प्रमुख निकालपत्र लिहिले. धनंजय चंद्रचूडांचे वडील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड हे १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, नागरिकांचे स्वातंत्र्य संकुचित करणाऱ्या एका निकालातील बहुमतात होते. पुत्राने २०१७ च्या आपल्या निकालपत्रात तो निकाल सदोष ठरवून रद्द केला. पित्याविषयीचा आदर आणि सत्याविषयीची निष्ठा या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात नांदू शकतात, हे यावरून दिसून येते.

खिशातील यंत्र काय काय सांगते?

हक्क न्यायालयाने दिला. त्याचे रक्षण मात्र आपले आपणच केले पाहिजे. त्यासाठी हे यंत्र चालते कसे, हे प्रथम समजून घेऊ.

वेंगुर्ला रस्त्याने बाचीहून शिनोळीस जाताना आपण कर्नाटकातून महाराष्ट्रात प्रवेश करतो. सीमा ओलांडल्याचे आपल्या पायांना कळत नाही. परंतु खिशातील मोबाइलला ते कळते. तो प्रत्येक क्षणी जवळच्या मनोऱ्याशी संपर्क ठेवून असतो. एका मनोऱ्याची हद्द संपली की दुसऱ्याचा हात धरतो. तसे केल्यावाचून आपणांस आलेला दूरध्वनी आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही. अर्थात कोणता मोबाइल कोणत्या वेळी कोणत्या मनोऱ्याच्या टापूत होता, याची नोंद सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे आपोआप होत जाते.

याहून सूक्ष्म स्थान उपग्रहांच्या साहाय्याने कळते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आकाशातील उपग्रह आपणांस पाहतो, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः उपग्रह केवळ वेळेचे संकेत पाठवीत असतो. आपला मोबाइल निदान चार उपग्रहांचे संकेत ऐकून, ते पोहोचावयास लागलेल्या वेळेवरून आपले स्थान स्वतःच गणिताने काढतो. उपग्रहाला आपला पत्ताही नसतो. ते स्थान बाहेर सांगते ते मोबाइलमधील एखादे ॲप, आणि तेही आपण तशी परवानगी दिली असेल तरच. यावरून दोष आकाशाकडे नसून किल्ली आपल्याच हाती आहे, हे स्पष्ट होते.

छायाचित्राचेही असेच आहे. मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्राच्या पोटात, डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांत, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याला तशी परवानगी असल्यास स्थळही लिहिले जाते. काही ॲप चित्र पाठविताना हा मजकूर काढून टाकतात, काही टाकत नाहीत. आणि चित्र फाइल म्हणून पाठविल्यास तो बहुधा तसाच राहतो. सहकुटुंब परगावी यात्रेस गेलेल्या गृहस्थाने तेथूनच छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली, तर देवदर्शनाच्या वार्तेबरोबर घराला कुलूप असल्याची वार्ताही तो गावभर पोहोचवितो. छायाचित्रे घरी परतल्यावर दाखविली म्हणून दर्शनाचे पुण्य काही कमी होत नाही!

आता संदेशांविषयी. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. स्वस्त व सोयीचे, परंतु उघडे. टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचावे. पाकीट बंद असते. संदेश सांकेतिक रूपात पाठविणारी ॲप ही या बंद पाकिटासारखी असतात. व्हॉट्सॲपने २०१६ साली अशी व्यवस्था सर्वांसाठी लागू केली. मार्गात पाकीट कोणास फोडता येत नाही. परंतु पाकिटावरही पत्ता आणि टपालाचा शिक्का असतोच. कोण कोणास, कधी, कितीदा लिहितो, हे आतले पत्र न वाचताही समजते. शिवाय ज्याला पत्र मिळाले, तोच ते चार लोकांत वाचून दाखवू लागला, तर पाकिटाचा काय उपयोग? म्हणून संदेश पाठविण्यापूर्वी हे चावडीवर वाचले गेले तर चालेल काय, असा प्रश्न स्वतःस विचारावा.

कोऱ्या कागदावरचा अंगठा

दिनांक १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख धनधान्यावर नव्हता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि दस्तऐवज. ते हस्तगत करून त्यांनी ते जाळून टाकले. हा वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात ही घटना 'दख्खनचे दंगे' म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याविषयीचा कागद, आपणांस न वाचता येणारा आणि दुसऱ्याच्या पेटीत ठेवलेला, आपल्या शेतावर व घरादारावर सत्ता गाजवितो, हे त्या अक्षरशत्रू शेतकऱ्यांना नेमके उमगले होते. पुढे १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा केला, आणि असे दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत, अशी तजवीज त्यात ठेवली.

आज आपण लिहावयास वाचावयास शिकलो आहोत. परंतु एखादे नवे ॲप घेताना पडद्यावर लांबलचक अटी येतात, त्यांखाली 'मी मान्य करतो' असे लिहिलेले असते, आणि आपण एक ओळही न वाचता त्यावर बोट टेकवितो. हा कोऱ्या कागदावर उठविलेला अंगठा नव्हे तर काय? फरक एवढाच की, तो शेतकरी निरक्षर होता आणि आपण साक्षर आहोत.

अटी वाचणे कठीण असले तरी परवानग्या तपासणे मुळीच कठीण नाही. विजेरी म्हणून घेतलेले ॲप आपल्या नातलगांच्या क्रमांकांची यादी मागत असेल, तर ते का मागते? विजेरीला प्रकाश पाडण्यासाठी मामांचा क्रमांक लागत नाही! जे काम ॲपने करावयाचे, त्यास जी वस्तू आवश्यक असेल तेवढीच द्यावी. नकाशाला स्थान लागते, पण ते वापरत असतानाच. चोवीस तास नव्हे. मोबाइलच्या 'सेटिंग' या भागात प्रत्येक ॲपला कोणती परवानगी दिली आहे हे पाहता येते आणि दिलेली परवानगी परतही घेता येते.

'फुकट ते पौष्टिक' असे आपण विनोदाने म्हणतो. परंतु जे ॲप पैसे घेत नाही, ते पुष्कळदा आपल्या आवडीनिवडींची माहिती जमवून जाहिरातदारांमार्फत आपली किंमत वसूल करीत असते. सर्वच ॲप तसे करतात असे नव्हे. परंतु फुकटाची किंमत कोण देतो, हे विचारण्याची सवय असावी.

परवानगी देताना आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण दिलेली संमती दुसऱ्याच्याही घराचे दार उघडते. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचे प्रकरण जगभर गाजले. फेसबुकवरील एका स्वभावचाचणीच्या ॲपद्वारे, ती घेणाऱ्यांचीच नव्हे तर त्यांच्या मित्रांचीही माहिती गोळा करण्यात आली होती. फेसबुकने दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते. परंतु त्यांच्या मित्रमंडळींसह एकंदर ५,६२,४५५ लोकांच्या माहितीस धोका पोहोचला असावा. भागाकार करून पाहा : एका माणसाच्या अंगठ्यापायी सरासरीने सुमारे १,६७८ इतर माणसे उघडी पडली. म्हणून खासगीपणा ही केवळ स्वतःची चैन नसून तो शेजारधर्म आहे.

आधार आणि अंगठ्याचा ठसा

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देण्यात आला. ज्यांच्यापाशी ओळखीचा कोणताच कागद नव्हता अशा कोट्यवधी लोकांना त्यामुळे ओळख मिळाली, हे नाकारता येणार नाही. परंतु जी वस्तू जितकी उपयुक्त, तितकी ती जपण्याची जबाबदारी मोठी.

बँक खाते आधारशी जोडलेले असल्यास, गावातील बँक प्रतिनिधीकडे आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठ्याचा ठसा एवढ्यावरच पैसे काढता येतात. वृद्धांना व निरक्षरांना ही सोय फार मोलाची आहे. तथापि २०२३ साली कर्नाटकात अशा काही तक्रारी आल्या की, जमीनजुमल्याच्या नोंदणीकृत दस्तऐवजांवरील अंगठ्याच्या ठशांची नक्कल करून चोरट्यांनी लोकांच्या खात्यांतून रकमा काढल्या. परवलीचा शब्द चोरीस गेला तर तो बदलता येतो. अंगठा कसा बदलणार? म्हणून ज्यांस या सोयीची नित्य गरज नाही, त्यांनी आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून आपल्या ठशांना कुलूप लावून ठेवावे. काम पडल्यास ते उघडता येते, काम झाल्यावर पुन्हा लावता येते. अडचण आल्यास १९४७ या क्रमांकावर विचारावे. स्वातंत्र्याचे वर्ष ते. विसरण्याचे कारण नाही.

आधारची प्रत कोठे द्यावी लागल्यास 'मास्क' केलेली, म्हणजे बारा आकड्यांपैकी पहिले आठ झाकून शेवटचे चारच दाखविणारी प्रत देता येते. प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी, पीकविम्यासाठी आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि छापून घेण्यासाठी आधार, पासबुक, सातबारा वा उतारा दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवून मोकळे होतो. कागद आपण घरी आणतो. फाइल मात्र दुकानाच्या संगणकातच राहते. दुकानदार सज्जन असला तरी त्याच्या संगणकावर दिवसभरात कितीतरी जण बसतात. तेव्हा छपाई झाल्यावर, "दादा, फाइल पुसून टाका," असे नम्रपणे सांगावे आणि ती पुसली गेल्याचे पाहावे. यात संकोचाचे कारण नाही. तसेच आधारची संगणकीय प्रत उघडण्यासाठी लागणारा परवलीचा शब्द म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्मवर्ष एवढाच असतो. तेव्हा ती प्रत कुलपात आहे अशा भ्रमात कोणी राहू नये.

परवलीच्या शब्दाचे गणित

पूर्वी गडाचा दरवाजा परवलीचा शब्द सांगितल्यावाचून उघडत नसे. आता तो शब्द प्रत्येकास ठेवावा लागतो. तो कसा असावा, हे गणितच सांगते.

चार आकडी क्रमांकाच्या शक्यता १०,०००. सहा आकडी क्रमांकाच्या १०,००,०००. दोनच आकडे वाढविले आणि बळ शंभरपट झाले. परंतु त्या सहा आकड्यांच्या जागी जन्मतारीख घातली तर? वर्षाचे दिवस अधिकाधिक ३६६ आणि वर्षे शंभर धरली, तरी शक्यता ३६,६०० च उरतात. म्हणजे कुलूप सुमारे २७ पट दुबळे झाले. आणि आपले वय अदमासे ठाऊक असलेल्या माणसाला तर चार-पाच वर्षांच्याच तारखा तपासाव्या लागतील. म्हणजे दोन हजारांहूनही कमी!

अक्षरांचे पाहू. इंग्रजी २६ अक्षरांतून आठ अक्षरी शब्द घेतला, तर शक्यता २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी होतात. हा आकडा मोठा वाटतो. परंतु आजच्या शक्तिमान संगणकांना तो फार मोठा नाही. शब्द बारा अक्षरी केल्यास याच्या ४,५६,९७६ पट शक्यता होतात. यावरून धडा असा की, चमत्कारिक चिन्हांपेक्षा लांबीत अधिक बळ आहे. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत ओळीने लिहिले, की आपणांस आठवावयास सोपा आणि चोरास ओळखावयास कठीण असा परवलीचा शब्द तयार होतो. तो मनाशीच रचावा, आणि प्रसिद्ध गाण्याची वा श्लोकाची ओळ घेऊ नये. ती चोरालाही पाठ असते. एकच किल्ली सर्व कुलपांना लावू नये. निदान बँक आणि ई-मेल यांच्या किल्ल्या वेगळ्या असाव्यात. जेथे दुहेरी पडताळणीची सोय असेल तेथे ती चालू करावी. मग एक किल्ली चोरीस गेली तरी दुसरी कडी शाबूत राहते.

भीती हेच चोराचे हत्यार

कुलूप फोडण्यापेक्षा घरधन्याकडूनच दार उघडून घेणे चोराला सोपे जाते. त्यासाठी तो लोभ, घाई आणि भीती या तीन साधनांचा उपयोग करतो. लग्नसराईत लग्नपत्रिकेच्या नावाने एक फाइल येते; ती उघडताच चोराचे ॲप मोबाइलमध्ये शिरते. कधी ती शेतकऱ्यांच्या सरकारी योजनेच्या, तर कधी वाहनाच्या दंडाच्या नावाने येते. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी बहुधा 'एपीके' ही अक्षरे असतात. लग्नपत्रिका म्हणजे चित्र. ती ॲप असण्याचे कारणच नाही. पाठविणारा ओळखीचा असला तरी त्याचाच मोबाइल चोराच्या हाती गेलेला असू शकतो. म्हणून आधी त्याला दूरध्वनी करून विचारावे. तसेच पैसे मिळविण्यासाठी गुप्त क्रमांक कधीच द्यावा लागत नाही. तो लागतो केवळ पैसे देण्यासाठी, हे घरातील आजी-आजोबांना समजावून सांगावे.

सर्वांत क्रूर प्रकार भीतीचा. पोलिसाचा गणवेश घातलेला कोणी पडद्यावर येतो. तुमच्या नावे गुन्हा आहे, तुम्हांस 'डिजिटल अटक' केली आहे, कोणाशी बोलू नका, असे दरडावतो आणि पैसे उकळतो. मार्च २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका वृद्ध दांपत्याला असेच छळण्यात आले. पैसे तर गेलेच, परंतु त्या दोघांचाही करुण अंत झाला. हे वाचून कोणाचे हृदय हेलावणार नाही? अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही 'मन की बात'मधून हीच गोष्ट देशाला सांगितली होती. या कपटाचे सारे बळ 'कोणास सांगू नका' या तीन शब्दांत असते. म्हणून असा प्रसंग आल्यास तो संपर्क तत्काळ तोडावा आणि घरात मोठ्याने सांगावे. सांगितले की चोराचे बळ सरते.

विद्यार्थ्यांच्या, विशेषतः विद्यार्थिनींच्या बाबतीत छायाचित्र विकृत करून धमकावण्याचे प्रकारही घडतात. येथे एकच गोष्ट ठामपणे सांगावयाची आहे : लाज वाटावयाची ती धमकावणाऱ्याला, तुम्हांला नव्हे. पैसे देऊ नयेत, धमकीचे संदेश पुसू नयेत, ते पुराव्यासाठी जपून ठेवावेत, आणि आई, वडील वा शिक्षक यांपैकी ज्यांच्यावर विश्वास असेल त्यांस लगेच सांगावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दुसऱ्याच्या देहाचे खासगी चित्र संमतीवाचून काढणे वा पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. आणि पालकांस विनंती अशी की, मूल सांगावयास आले तर आधी रागावू नये. ज्या घरात सत्य सांगितल्यास मार मिळतो, त्या घरातील मूल पुढच्या वेळी चोराचेच ऐकते.

नवा कायदा आणि आपली भाषा

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील प्रमुख बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास, लागू व्हावयाची आहेत. या कायद्यान्वये माहिती घेणारी संस्था ही मालक नसून एक प्रकारे विश्वस्त ठरते. संमती स्पष्ट आणि स्वेच्छेने दिलेली असली पाहिजे. आणि ती देणे जितके सोपे, तितकेच परत घेणेही सोपे असले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे.

सीमाभागातील आपणांस या कायद्यातील एक तरतूद विशेष महत्त्वाची वाटेल. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय नागरिकास दिला गेला पाहिजे, असे तो कायदा सांगतो. त्या परिशिष्टात मराठीही आहे आणि कन्नडही आहे. म्हणजे उचगावच्या आजीबाईंस आपण कशाला संमती देत आहोत हे मायबोलीतून वाचण्याचा अधिकार येतो आहे. सुप्याच्या शेतकऱ्यास न वाचता येणाऱ्या कागदापायी जे भोगावे लागले, ते आठवले म्हणजे या तरतुदीचे मोल कळते. परंतु मागितल्यावाचून हक्क पदरात पडत नाही. म्हणून जेथे सोय असेल तेथे मराठीचा पर्याय आवर्जून निवडावा आणि नसेल तेथे मागावा.

नित्य पाळावयाचे नियम

१. मोबाइलला सहा आकडी वा त्याहून मोठे कुलूप लावावे. त्यात जन्मतारीख नसावी.

२. महिन्यातून एकदा ॲपच्या परवानग्या तपासाव्यात. न लागणारी ॲप काढून टाकावीत.

३. मोबाइलची नवी सुधारणा आली की ती लांबणीवर टाकू नये. छपराचे छिद्र पावसाळ्यापूर्वीच बुजवावे.

४. परीक्षेच्या प्रवेशपत्राचे, आधारचे, पासबुकाचे छायाचित्र कोठेही खुले करू नये.

५. दुसऱ्याचे छायाचित्र त्यास विचारल्यावाचून पुढे पाठवू नये.

६. जुना मोबाइल विकण्यापूर्वी त्यातील सर्व मजकूर पुसून तो मूळ स्थितीत आणावा.

७. मोबाइल हरवल्यास 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर नोंद करून तो बंद पाडता येतो. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत हेही तेथे समजते. मोबाइलचा १५ आकडी ओळख क्रमांक आजच वहीत लिहून ठेवावा.

८. पैशांची फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच अडविली जाण्याची आशा अधिक. बैल गेल्यावर झोपा करून उपयोग नाही.

विद्यार्थी मित्रहो, मोबाइल टाकून द्यावा असे येथे सुचवावयाचे नाही. ज्ञानाचे एवढे मोठे भांडार आपल्या पूर्वजांपैकी कोणासही लाभले नव्हते. परंतु विस्तव चुलीत असला तर भाकरी भाजतो आणि वळचणीस गेला तर घर जाळतो. घरातील वडीलधारी माणसे आज मोबाइलसाठी तुमच्यावर विसंबून आहेत. आजोबांचा पेन्शनचा संदेश तुम्हीच वाचून दाखविता, आईचे ॲप तुम्हीच घालून देता. पूर्वी गावात लिहितावाचता येणारा एखादाच असे आणि साऱ्या गावाची पत्रे तोच वाचीत असे. त्याच्या पोटात गावाची गुपिते सुरक्षित राहत, म्हणूनच त्याला मान होता. तो मान आज तुमच्याकडे चालत आला आहे. त्यास पात्र ठरणे हेच या विद्येचे खरे फळ होय.

स्वाध्याय

१. खासगीपणा आणि लपवाछपवी यांतील भेद स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

२. १९६२ आणि २०१७ या दोन निकालांतील फरक सांगा.

३. आठ अंकी क्रमांकाच्या शक्यता किती? त्याच जागी दिवस, महिना व पूर्ण वर्ष अशी जन्मतारीख घातल्यास, शंभर वर्षे धरून, त्या किती उरतात?

४. घरातील एका मोबाइलवरील पाच ॲपच्या परवानग्या वडीलधाऱ्यांच्या समक्ष तपासा. कोणत्या अनावश्यक वाटल्या आणि का, ते लिहा.

५. आजी किंवा आजोबांना 'डिजिटल अटक' हे कपट कसे असते, हे समजावून सांगा. त्यांनी विचारलेले प्रश्न वहीत नोंदवून वर्गात त्यांवर चर्चा करा.